परतीचा दोर : झायनमधली पाइन क्रीक उतरताना

कातळवेडा :

मागे घाटवाटांच्या धाग्यावर म्हणालो होतो की इकडच्या वाळवंटातल्या घळींबद्दल सविस्तर लिहीन, ते राहूनच गेलं होतं. जूनमध्ये आम्ही पाच जण अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कातली पाइन क्रीक उतरून आलो. मी, बायको, लास वेगासमधले दोन मित्र आणि त्यातल्या एकाची बहीण, जी अशा ठिकाणी पहिल्यांदाच येत होती.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्लॉट कॅन्यन म्हणजे पाण्याने चिरत नेलेली अरुंद घळ, काही ठिकाणी इतकी चिंचोळी की पाठीवरची सॅक काढून पुढे धरायची आणि आडवं होऊन सरकायचं, आणि वर बघितलं तर आकाशाची फक्त एक रेघ. इथला दगड नवाहो वालुकाश्म. ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्या दबून दबून झालेला, झायनमध्ये त्याची जाडी जवळजवळ २००० फुटांपर्यंत जाते. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट कसा खणखणीत असतो, हा तसा नाही, हात घासला की तळव्याला वाळू लागते. म्हणून पाणी त्याला लोण्यासारखं कापत गेलंय, भिंती लाटांसारख्या वळलेल्या आणि दुपारी वरून उन्हाची तिरीप परावर्तित होऊन आली की सगळी घळ आतून केशरी पेटल्यासारखी दिसते. ते दृश्य मी शब्दात मांडू शकत नाही, आणि फोटोत तर अजिबात येत नाही.

पाइन क्रीकची सुरुवात रूट ९ वरच्या १.१ मैल लांब बोगद्याच्या पूर्वेच्या तोंडाशी होते. हा बोगदा १९३० साली पूर्ण झाला. पुलाखाली उतरायचं, वेटसूट (थंड पाण्यात अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख) चढवायचा आणि दहा मिनिटांत तुम्ही वाळवंटातून थेट थंडगार अंधारात. रस्त्यावर गाड्यांची रांग, लोक फोटो काढतायत, आणि त्यांच्या पायाखाली ही घळ आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा धागा काढलाय. या प्रकारात तुम्ही वर अडकवलेल्या धातूच्या कड्यातून दोर ओवता, सगळे खाली उतरतात, आणि मग दोर खाली ओढून घेता कारण पुढच्या टप्प्याला तोच लागणार असतो. दोर खाली आला त्या क्षणी वरची वाट बंद. मागे गुळगुळीत ५० फुटी भिंत, पुढे काय असेल ते. 'परतीचे दोर कापले' हे आपण तानाजी-सूर्याजीच्या धड्यापासून म्हणत आलोय, मी मात्र ते पहिल्यांदा अंगाने अनुभवलं ते इथे. पहिल्या टप्प्याखाली उभं राहून दोर सळसळत पाण्यात पडल्याचा आवाज आला आणि पोटात जे झालं ते अजून आठवतं.

आमच्याकडून दोन गोष्टी झाल्या त्या स्पष्ट लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. कॅथीड्रल म्हणतात तो टप्पा आहे, दगडातल्या भोकातून खाली एका अंधाऱ्या गाभाऱ्यात उतरायचं, साधारण ५०-६० फूट. मित्राची बहीण अर्ध्यात असताना तिचे मोकळे केस उतरायच्या डिव्हाइसमध्ये ओढले गेले. हेल्मेटखाली बांधलेले होते पण पोहताना सुटले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही. ती किंचाळली आणि लटकत राहिली, पायाखाली काही नाही. नशिबाने वरच्या मित्राने दोर असा लावला होता की भार असतानाही सोडता येईल, त्याने तो सावकाश सोडत सोडत तिला दोरासकट खाली आणलं. जमिनीवर टेकल्यावर ताण गेला आणि मग केस सोडवले, काही बटा कापाव्या लागल्या. दोर नुसता गाठ मारून बांधलेला असता तर वर जाऊन तिला सोडवायला किती वेळ लागला असता याचा विचार मी अजूनही रात्री करतो.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. पुढच्या एका टप्प्याला मी शेवटचा होतो आणि उतरायच्या आधी दोर नीट सरकतोय का हे खालच्यांना एकदा ओढून बघायला सांगितलं नाही. ओढायची वेळ आली तेव्हा ब्लॉकचा कॅराबिनर (दोर कड्यातून निसटू नये म्हणून गाठीत गुंतवलेली उघडझाप होणारी कडी) काठावरच्या खाचेत जाऊन बसला. तिघांनी लटकून ओढला तरी हलेना. शेवटी दुसऱ्या बाजूने मागे खेचून, घळीत जितकं मागे जाता आलं तितकं जाऊन, झटका देत देत वीसेक मिनिटांनी सुटला. ती वीस मिनिटं बायको कमरेइतक्या पाण्यात उभी होती, तिचे ओठ निळे पडायला लागले होते, बाहेर रस्त्यावर ४० डिग्री आणि आत ती कुडकुडत होती.

शेवटचा टप्पा साधारण १०० फुटी, त्यातला बराच भाग भिंतीला पाय न लागता हवेतच. खाली झिरपणाऱ्या पाण्याची कपार आहे, तिथे उतरल्यावर ती बहीण म्हणाली परत येऊया. मी मात्र पुढचा तासभर मोठमोठ्या दगडांवरून उड्या मारत रस्त्याकडे येताना एक शब्द बोललो नाही.

रेवा_फिनिक्स :

बाप रे, केसांचं वाचून अंगावर काटा आला. ती बरी आहे ना आता?

आम्ही अँटेलोप कॅन्यन केलंय, ॲरिझोनातल्या पेज गावाजवळ, लोखंडी शिड्यांचं खालचं. तेव्हापासून मनात आहे की कधीतरी दोरावर उतरायचं. मुंबईला असताना दोनदा धबधब्याचं रॅपलिंग केलंय बस तेवढाच अनुभव. आणि जूनमध्ये वेटसूट खरंच लागतो का? इकडे फिनिक्सला जूनमध्ये नळाचं पाणी सुद्धा गरम येतं म्हणून विचारतेय.

घाटवाटा :

मस्त आणि प्रामाणिक लिहिलंय. पुढील लेखनास शुभेच्छा.

आपल्या सह्याद्रीतली सांदण दरी सात-आठ वेळा केली आहे, त्यामुळे चित्र डोळ्यापुढे आलं. साम्रद गावातून आत शिरायचं, पाण्यातून जायचं, मग तो ४५ फुटी टप्पा. पण तिथे एक सोय आहे जी आम्ही कधी मोजतच नाही, रॅपलिंगच्या आधी कुणाचा धीर सुटला तर आल्या वाटेने चालत साम्रदला परत जाता येतं. आणि पावसाळ्यात कोणी शहाणा आत पाय ठेवत नाही.

एक प्रश्न. तिकडच्या घळींमध्ये रांजणखळगे असतात असं ऐकलंय, निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसे. आमच्याकडे ते वरून बघायचे असतात. तुम्हाला त्यात उतरावं लागतं का? आणि उतरलात तर बाहेर कसे येता, त्याच्या भिंती तर आतून घासून गुळगुळीत झालेल्या असतात.

सॉल्टलेककर :

कातळवेडा, लिहिल्याबद्दल आभार, इतकं उघडपणे लोक लिहीत नाहीत. मी इकडे बारा वर्षं हे करतोय म्हणून थोडी भर घालतो, लांबेल.

रेवा, वेटसूट हवाच. घळीत ऊन पोचत नाही आणि साठलेलं पाणी महिनोन्महिने सावलीत असतं. नळाच्या पाण्याचा हिशोब इथे लावू नका. मी ऑगस्टमध्ये लोकांना थरथरताना बघितलंय, आणि थंडीने बोटं बधिर झाली की कॅराबिनरचं स्क्रू उघडता येत नाही, तिथून खरी गडबड सुरू होते.

घाटवाटा, हो, उतरावं लागतं. रांजणखळगा काठोकाठ भरलेला असेल तर पोहत जायचं आणि पलीकडच्या काठावर चढायचं, मजा येते. तोच अर्धा रिकामा असेल तर सापळा. पाणी छातीइतकं किंवा त्याहून खोल, काठ डोक्याच्या वर सहा-आठ फूट, धरायला काही नाही. मग एकाच्या खांद्यावर दुसरा, किंवा पाण्याने आणि वाळूने भरलेली पिशवी दोराला बांधून पलीकडे फेकायची आणि तिच्या वजनावर चढायचं, किंवा हूक. म्हणून इथे एकटं जाणं हा गुन्हा मानतात. आणि मागच्या महिन्यात भरलेला खळगा या महिन्यात रिकामा असू शकतो, एका पुराने वाळूही भरून जाते किंवा वाहून जाते, त्यामुळे जुनं वर्णन वाचून निर्धास्त व्हायचं नाही.

दोराबद्दल. इथे बहुतेक वेळा एकेरी दोरावर उतरतात. दोर कड्यातून ओवायचा, एका बाजूला कॅराबिनर गुंतवून गाठ मारायची, ती कड्यातून आरपार जाऊ शकत नाही, तो ब्लॉक. माणसं उतरतात दुसऱ्या बाजूने. शेवटी ब्लॉकच्या बाजूची बारीक दोरी ओढायची की सगळं खाली. चुकून ब्लॉकच्याच बाजूवर कुणी उतरायला गेला तर त्याला धरून ठेवणारं काहीच नाही, म्हणून प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्याने हात लावून तपासायचं आणि मोठ्याने बोलायचं. कातळवेडाच्या मित्राने केलं ते म्हणजे ब्लॉकऐवजी अँकरपाशी (दोर ज्याला लावतात त्या आधारापाशी) फिगर-एट या आठच्या आकाराच्या कडीवर दोर कुलूपबंद करून ठेवणं. शेवटचा माणूस ते काढून ब्लॉक लावतो. नवखं कोणी बरोबर असेल तर प्रत्येक टप्प्याला असंच करा, दोन मिनिटं जास्त जातात बस.

अजून एक जे आपल्याकडच्या धबधब्याच्या सवयीमुळे लोक चुकतात. खाली डोह असेल तर दोराचं टोक पाण्याला जेमतेम टेकेल इतकंच सोडायचं. आपल्याला जास्तीचा दोर खाली टाकायची सवय असते, तो पोहताना पायात गुंततो. बेताने सोडला की माणूस दोराच्या शेवटाला आपोआप सुटून पाण्यात तरंगतो.

खाचेत ब्लॉक अडकणं हे झायनमध्ये नेहमीचं आहे. हजारो लोकांनी दोर ओढून ओढून त्या मऊ दगडात खाचा पाडल्यात. कडं ज्याला अडकवतात ती पट्टी लांब करून कडं काठाच्या पलीकडे लोंबेल असं केलं तर दोर अडकत नाही आणि दगडही वाचतो. आता माझ्या सॅकमध्ये जास्तीची पट्टी, दोन-तीन स्टीलची कडी आणि चाकू नसेल तर मी गाडीतून उतरत नाही.

सुमन_कोथरूड :

मी इथे फक्त वाचत असते, आज लिहितेय. माझा मुलगा ॲरिझोनात असतो आणि हेच करतो. फोटो पाठवतो, मी छान म्हणते. मागे नातीने गुगलवर शोधून दिलं तर एका घळीत पुरात सात माणसं गेल्याचं वाचलं, तेव्हापासून तो शनिवारी जातो म्हणाला की मला झोप नाही. त्याला थांबवणार नाही, त्याच्या वयाचे असताना त्याचे बाबाही हरिश्चंद्रगडला नळीच्या वाटेने जायचेच. पण मी त्याला काय विचारावं म्हणजे मला कळेल की तो नीट काळजी घेतोय?

सॉल्टलेककर :

सुमनताई, तुम्ही वाचलंत ती कीहोल कॅन्यन, १४ सप्टेंबर २०१५. झायनमधलीच. मी ती घळ त्याआधी दोनदा केली होती. अगदी छोटी आहे ती, सगळ्यात मोठा टप्पा जेमतेम ३० फुटी, नवख्यांना पहिली म्हणून हीच सुचवतात. सात जण होते, कॅलिफोर्निया आणि नेवाडातले, परमिट घेतलेलं. दुपारी पुराचा इशारा आला आणि पार्कने घळी बंद केल्या, पण जे आधीच परमिट घेऊन बाहेर पडलेत त्यांना कळवायचं कसं, तिथे मोबाइलला रेंज नाही. त्या दिवशी व्हर्जिन नदीचा प्रवाह पंधरा मिनिटांत सेकंदाला ५५ घनफुटांवरून २६३० वर गेला. सातही जण गेले. त्याच दिवशी थोड्या अंतरावर हिल्डेल गावात गाड्या वाहून गेल्या त्यात १३ जण गेले.

आपल्याकडे पाऊस म्हणजे जमीन पाणी पिते, ओढे हळूहळू भरतात. इथे वर सगळा उघडा कातळ आहे, पडलेला थेंबन् थेंब घरंगळत त्या एका फटीत येतो. डोक्यावर ऊन असताना पाणी येतं. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटेलोपमध्ये, रेवा जिथे जाऊन आल्या तिथेच, ११ पर्यटक वाहून गेले, पाऊस कित्येक मैल लांब पडला होता. इकडेही मान्सून असतो हे भारतातल्या लोकांना सांगितलं तर आश्चर्य वाटतं. जुलै ते सप्टेंबरचा मध्य, आपल्या वळवासारखा दुपारी अचानक फुटणारा.

तुम्ही मुलाला एवढंच विचारा की कुठली घळ, बरोबर कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मी कुणाला फोन करू. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे तयार असेल तर तो तयारीचा माणूस आहे. ॲरन रॅल्स्टनची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, २००३ च्या एप्रिलमध्ये ब्लूजॉन कॅन्यनमध्ये हातावर दगड येऊन पाच दिवस अडकला आणि स्वतःचा हात कापून सुटला. तो कुठे गेलाय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

सुमन_कोथरूड :

लिहून घेतलं. आज रात्रीच विचारते. खूप आभार बाळा.

दगडफूल :

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. पहिल्यांदा येणाऱ्या मुलीला पाइन क्रीकला न्यायलाच नको होतं. त्याचा दर्जा ३बी आहे, ३ म्हणजे दोर अनिवार्य आणि बी म्हणजे साठलेलं पाणी, पोहणं. केस अडकले हा अपघात झाला पण ती पहिल्यांदाच १०० फुटी लटकत्या टप्प्यावर कशी पोचली हा प्रश्न आहे. दोर ओढून घेतल्यावर ती नको म्हणाली असती तर तुमच्याकडे काय उत्तर होतं?

मी स्वतः सुरुवातीला एका कंपनीकडून शिकले, पार्कच्या बाहेर, कारण झायनच्या आत पैसे घेऊन टेक्निकल घळीत नेणारे गाइड चालत नाहीत. त्या कंपनीत आम्हाला अर्ध्या दिवसात सगळं उरकलं आणि दोरावर परत वर कसं चढायचं हे शिकवलंच नाही. ते मी नंतर घराजवळच्या झाडाला दोर बांधून प्रुसिकच्या (वर सरकवता येणाऱ्या आणि भार आला की दोराला घट्ट धरणाऱ्या) दोन गाठींवर शिकले, दोन महिने लागले. ज्याला दोरावर चढता येत नाही त्याने घळीत उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अडकलात तर बाहेर काढणारे येईपर्यंत एखादी अख्खी रात्र जाऊ शकते.

कातळवेडा :

दगडफूल, राग कसला. बरोबर बोललात आणि माझ्याकडे उत्तर नाही. तिने वेगासमध्ये आमच्याबरोबर चार-पाच वेळा कातळावर रॅपलिंग केलं होतं, कोरड्या, उन्हात, पायाखाली जमीन दिसताना. तेवढं पुरे असं आम्ही ठरवलं. तिला विचारलं होतं, ती हो म्हणाली, पण कशाला हो म्हणतेय हे तिला कळण्यासारखं आम्ही दाखवलंच नव्हतं. म्हणून आता आम्ही आधी बुटकी कोरडी घळ करतो, आणि पहिला दोर ओढायच्या आधी सगळे खाली जमल्यावर प्रत्येकाला नाव घेऊन विचारतो. कोणी एकजण नको म्हणाला तर दोर तिथेच असतो, चढून परत. सूर्याजीने दोर कापले ते मागे पळणाऱ्यांना वळवायला. आपल्याला पळून जायची मुभा असलेली बरी.

प्रुसिकचं मनावर घेतो. माझ्या बायकोला येत नाही, मला येतं पण ओल्या दोरावर कधी करून बघितलं नाही.

घाटवाटा :

+१ दगडफूल. आमच्याकडे संस्थांच्या शिबिरात आधी चढायला शिकवायचे, उतरणं नंतर. आता शनिवार-रविवारच्या गर्दीत तीनशे माणसं एका दोरावरून सोडतात आणि कोणालाच काही येत नाही. सांदणलाही हेच बघतोय.

बोल्ट ठोकलेले असतात का सगळीकडे, की झाडाला वगैरे बांधता?

सॉल्टलेककर :

पाइन क्रीकसारख्या गर्दीच्या घळीत बोल्ट असतात. लांबच्या, कमी जाणाऱ्या घळींमध्ये जे मिळेल ते, झुडूप, दोन भिंतींत अडकलेला दगड, वाळूत पुरलेला दगड. काही नसेल तर माणूसच अँकर होतो, सगळ्यात वजनदार माणूस एखाद्या खोबणीत पाय रोवून बसतो, बाकीचे त्याच्यावरून उतरतात, आणि शेवटी तो दोन भिंतींना पाठ आणि पाय लावून चिमणी करत खाली येतो, खालचे त्याला आधार देतात. हे शिकायला मला पाच वर्षं लागली, वाचून करू नका. लावलेल्या प्रत्येक पट्टीकडे संशयाने बघायचं, वाळवंटातल्या उन्हात रंग उडालेली पट्टी आतून पिठासारखी झालेली असते. कापून नवी लावा आणि जुनी सॅकमध्ये घालून परत आणा.

रेवा_फिनिक्स :

इतकं वाचून भीती वाटेल असं वाटलं होतं, उलट आता नीट शिकून जायचं ठरलंय. ऑक्टोबर चालेल का? आणि मी तुमच्याबरोबर येऊ शकते का, आधी सरावाला?

सॉल्टलेककर :

सप्टेंबर संपला की मान्सून बहुतेक सरलेला असतो, पण पाणी आणखी थंड. जायच्या दिवशी सकाळी हवामान खात्याचा झायनसाठीचा पुराचा अंदाज बघा. चार पायऱ्या असतात, शक्यता नाही, शक्य, संभव, अपेक्षित. 'शक्यता नाही' सोडून काहीही लिहिलेलं असेल तर मी त्या दिवशी वर कड्यावरून चालत फिरतो.

कातळवेडा :

रेवा, नक्की या. सप्टेंबरपासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला आम्ही वेगासजवळ कातळावर असतो, फिनिक्सहून येणार असाल तर शनिवारी रात्रीच घरी मुक्कामाला या, बायकोला सांगून ठेवतो. आधी दोन रविवार फक्त चढणं, प्रुसिकवर, मी पण तुमच्याबरोबर पहिल्यापासून. दगडफूल, तुम्ही जवळपास असाल तर तुम्हीही या, आम्हाला शिकवायला.

जास्तीचा हार्नेस आणि हेल्मेट माझ्याकडे आहे. वेटसूट झायनला जाताना स्प्रिंगडेलमध्ये भाड्याने मिळतात, मापाचाच घ्या, सैल घेतला तर आत पाणी खेळत राहतं. गाडी एक वर आणि एक खाली ठेवायची, बोगद्याजवळची वरची जागा अगदी थोडी आहे म्हणून पहाटे पोचायचं.

आणि केस वेणी घालून टोपीच्या आत.